बाहीची घडी

माह्या हातानं मी ती गोळी सोड्याच्या पाण्यात उकळली, दगडावर आपटली, मोगरीनं बडवली, अन् मले पत्ताच नाही. 

बांगलादेशाची लढाई सरून वर्षही झालं नव्हतं. नागपुरातल्या कॉलेजच्या पोट्ट्याइले फौजेत अफसर व्हायचं वेड लागलं होतं. माह्या अनंताले तर झोपेतही तेच. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाले होता, अन् एनसीसीत अंडर ऑफिसर, म्हणजे बाकी पोरांवर हुकूम सोडणारा. त्या हिवाळ्यात एनसीसीची शेवटली परीक्षा पास झाला का अफसरीच्या मुलाखतीले बोलावणं येणार होतं. सक्करदऱ्यात आमच्या गल्लीतल्या बाया मले आत्तापासूनच 'साहेबाची माय' म्हणून राहिल्या होत्या. खोटं काहून बोलू, मले ते लय गोड लागत होतं.

वर्दीचं सारं काम माह्याकडं. खाकी सदऱ्याची बाही कोपराच्या वर दुमडायची, चार बोटं रुंद, कडक कांजीची. परेडीत ती घडी घसरू नये म्हणून मी मधामधात टाके घालून देत होती. दर शनिवारी दोन सदरे असत, एक अनंताचा अन् एक नत्थूचा. नत्थू त्याचा जीवाचा दोस्त. बेसा गावाहून सायकलीनं यायचा. त्याले माय नव्हती.

"काकू, तुमच्या टाक्यांवर माही अफसरी टिकून आहे," म्हणायचा.

"तोंड चालवू नको गा, पोहे खाय," मी म्हणत होती.

एका रविवारी पोरांची गोळीबाराची तालीम होती. अनंता संध्याकाळी तोंड पाडून घरी आला. तालमीत एक राउंड कमी भरला होता. राउंड म्हणजे न उडालेली, जिवंत गोळी. तालीम संपली का प्रत्येक पोरगा शिकवणाऱ्या उस्तादासमोर उभा राहून म्हणते, "मेरे पास कोई राउंड नहीं, कोई खोका नहीं, साहब." खोका म्हणजे उडालेल्या गोळीची रिकामी नळी. सगळ्याइनं म्हटलं, अनंतानंही म्हटलं. तरी गोळी भेटेना. पोरांनी गुडघ्यावर बसून गवत चाळलं, खिसे उलटे केले. कुठंच नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग मेजर साहेब मले म्हणाले, तुझा कोणावर संशय आहे का? मी सांगतलं, मागच्या कॅम्पात नत्थूच्या खिशात एक खोका निघाला होता."

"अन् तो त्यानं आठवण म्हणून ठेवला होता, हे सांगतलं का?"

पोरगा बुटाच्या नाड्या सोडत बसला. नत्थूची वर्दी जमा करून घेतली होती, परीक्षेतून नाव काटलं होतं. अवं माय, मले तर जेवणच गेलं नाही. अनंताचे बाबा मिलची पाळी करून आलेले, ते म्हणाले, "चोरली असन त्यानं, तू कायले रडून राहिली?" मी म्हटलं, नत्थू माह्या घरचा गुळाचा खडाही न विचारता उचलत नाही.

एरवी मी धुण्याआधी टाके उसवते. त्या सोमवारी डोकं ठिकाणावर नव्हतं, सदरा तसाच उकळला. मंगळवारी संध्याकाळी इस्त्रीत कोळसे फुलवले अन् मग टाके उसवायले बसली. डाव्या बाहीतून टुणकन काहीतरी पाटावर पडलं. भुईमुगाच्या शेंगेएवढं, पितळेचं. मले वाटलं पेनाचं टोपण.

"अनंता, हे काय आहे गा?"

त्यानं पाहिलं, अन् त्याच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. "आई, इस्त्री सरकव! इस्त्री सरकव आधी! राउंड आहे तो!"

बाप रे बाप! धगधगती इस्त्री वीतभर दूर होती. काय काय केलं होतं मी त्या सदऱ्याले, एकेक आठवून अंगावर काटा आला.

अनंता भिंतीले टेकून खालीच बसला. "गोळ्या मीच वाटल्या होत्या. मूठभर होत्या, एखादी निसटून दुमडीत गेली असन. खरंच मले माहीत नव्हतं, आई."

ते मले पटलं. त्याच्या तोंडाकडं पाहूनच समजत होतं. मी म्हटलं, "चाल, चूक झाली. उद्या साहेबाले नेऊन दे. नत्थू सुटन."

तो कोळशाकडं पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "तलाव जवळच आहे. फेकून येतो. कोणाले कळणार नाही."

गोळी पाहून मी हादरली नव्हती, तेवढी हे ऐकून हादरली. हा माह्याच पोटचा का?

"अन् नत्थू?"

"त्याचं तर गेलंच आहे. आता माहंही काहून घालवू?"

माहा हात उठला. मिशा फुटलेल्या पोराच्या मी कानाखाली मारली. मग पाटावरची गोळी उचलली, पुन्हा त्याच दुमडीत घातली, अन् दुहेरी दोऱ्यानं शिवून टाकली. तो डोळे फाडून पाहून राहिला होता.

"हा सदरा घालून उद्या साहेबासमोर जाय," मी म्हटलं, "अन् त्याच्यासमोर बाही उसव."

बुधवारी संध्याकाळी तो हसत आला. "सांगतलं, आई. साहेबांनी माफ केलं. नत्थूलेही परत घेणार आहेत." माहा जीव भांड्यात पडला. चांगला तूप सोडून शिरा केला, देवाजवळ दिवा लावला. मग खुंटीवरचा सदरा धुवायले काढला, अन् सवयीनं बाही चाचपली.

दुहेरी दोरा जसाच्या तसा होता. बोटाखाली गोळी लागली.

पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते मले त्या दिवशी समजलं. सांगायची हिंमत नाही, फेकायची हिंमत नाही, अन् माह्या हातचा शिरा दोनदा मागून खाल्ला होता त्यानं.

सकाळी सदरा पिशवीत घातला अन् निघाली. त्याले समजलं तसा तो बनियानवरच मागं धावला. भर रस्त्यात पाय धरले. "आई, नको गं. तूच म्हणत होती ना, मले अफसर झालेलं पाहायचं आहे तुले!"

"हाव," मी म्हटलं. "म्हणत होती."

पाय सोडवून घेतला अन् बस पकडली. डोळ्याइले खळ नव्हता, कंडक्टरनं तिकिटाचं दोनदा विचारलं.

सदर भागात एनसीसीचं ऑफिस होतं. मेजर साहेबासमोर सदरा ठेवला अन् म्हटलं, "डावी बाही उसवा." त्याइनं ब्लेडनं टाके कापले. गोळी टेबलावर घरंगळली. मी सारं सांगतलं, तलावाचंही, शिऱ्याचंही.

साहेबांनी गोळी उचलून खणात ठेवली. मग म्हणाले, "बाई, राउंड चुकून बाहीत जाऊ शकतो. काल तो स्वतः आला असता, तर शिक्षा देऊन मी त्याला परीक्षेला बसवलं असतं. आता नाही बसवू शकत. अशा माणसाच्या मागे मी जवान कसे पाठवू?"

कालच! एका दिवसानं गेलं. मी तिथंच पदर तोंडात धरून रडली. साहेबांनी पाणी मागवलं.

त्यानंतर अनंता भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. माह्याशी बोलेना, कॉलेजले जाईना. बापही माह्यावर उखडला, म्हणाला, अशी कशी माय तू?

शनिवारी दार वाजलं. उघडून पाहते तर नत्थू! हातात खाकी सदरा. मले धक्काच बसला. हा आता या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, असंच मी धरून चालली होती.

"काकू, वर्दी परत भेटली. उद्या परेड आहे." तो खाली पाहत होता. "टाके घालून देता?"

मी सदरा घेतला, पण सुईत दोरा जाईना. तेवढ्यात आतून अनंता उठून आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्यानं माह्या हातातून सदरा ओढून घेतला. आता फाडते का चुलीत टाकते?

त्यानं दोन्ही बाह्याइच्या घड्या उलगडल्या. एकेक बाही झटकली. मग दुमडीतून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश.

"काही नाही," तो नत्थूले म्हणाला.

मग त्यानं माह्या हातची सुई घेतली, दोरा ओवला, अन् माह्याकडं न पाहताच माह्या हातात दिली.