खमिराची बरणी

कमल माझी धाकटी जाऊ. तिला सातवा लागला आणि ओठांचा रंगच गेला. जिना चढताना मध्येच पायरीवर बसायची. म्हणायची, "ताई, भिंती फिरतात का हो?"

यंदाचाच हा तीस-एकतीसचा हिवाळा. मुंबईच्या सुलभाबाई डॉक्टरीण बुऱ्हाणपुरात आल्या होत्या. गरोदर बायांचं रक्त पातळ का होतं, याचा शोध करत होत्या. शनवारा मोहल्ल्यातल्या धर्मशाळेत रक्त बघायची दुर्बीण मांडून त्या बायांची बोटं टोचायच्या. कमलचा थेंब पाहिला आणि पाव फुगवतात त्या खमिराच्या काळ्या, चिकट लेहाची बरणी घेऊन त्या स्वतः बुधवाऱ्यात आमच्या घरी आल्या.

"हिला लोह देऊन उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "या खमिरात काही जीवनसत्त्व आहे. कोणतं, ते अजून आम्हालाही ठाऊक नाही. पण मुंबईत यानं बाया उठून बसल्या."

माझ्या सासूबाई, धुरपदाबाई, दारातच उभ्या. "पोटुशीला दवा? नको बाई. सिंधीपुऱ्यात एकीनं इंग्रजी दवा घेतली, तर लेकरू निळं निघालं."

"दवा नाही हो मावशी, खाणंच आहे. भाकरीला लावायचं, चटणीसारखं."

"मग असं बोला की!" सासूबाईंनी बरणी स्वयंपाकघरातल्या फळीवर नेऊन ठेवली.

खाणं म्हटल्यावर ते घराच्या रीतीनं चाललं. आधी पुरुषांची पंगत. मामंजींनी बोटानं चाखलं. "वा रे वा, एकदम खारं! भाकरीसंग बढिया." दिगंबर भावजींनी, म्हणजे कमलच्या नवऱ्यानं, दुसऱ्यांदा मागून घेतलं. मग मुलं, मग सासूबाई. आम्ही दोघी जेवायला बसलो की चमच्याला लागलेलं तेवढं मी कमलच्या भाकरीला पुसायची.

"आत्याबाई, ते कमलचं आहे ना?" मी सासूबाईंना हळूच विचारलं.

"खाण्यावर का कोणाचं नाव असतं गं? नवऱ्याआधी तिला वाढू? लोक तोंडात शेण घालतील."

कमल माझ्या कानाशी लागली. "जाऊ द्या ताई. दिवस मला गेले, डोहाळे त्यांना लागले." आणि हसता हसता तिला धाप लागली.

पंधरवड्यानं सुलभाबाईंनी पुन्हा थेंब घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. "काहीच फरक नाही. रोज दिलंत ना?"

"रोज. बघा, बरणी रिकामी झाली," सासूबाई म्हणाल्या. खोटं काहीच नव्हतं त्यात.

"हिच्या पोटी गेलं नाही, बाई," मी म्हटलं. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कमलच्या मागे सरकले.

सुलभाबाईंना कळलं. त्यांनी दुसरी बरणी काढली. "मावशी, हे औषध आहे. फक्त हिनंच घ्यायचं."

"तवा खाणं होतं, आज दवा झाली? आम्हाला काय खुळं समजता? पोटुशीला दवा नको म्हटलं ना!"

बरणी आली तशी परत गेली. त्याच आठवड्यात, दिवस भरायच्या आधीच, कमलला कळा लागल्या. बाळही गेलं, तीही गेली. रक्त फार गेलं का, असं मी सुईणीला विचारलं. ती म्हणाली, "होतं कुठं जायला?"

सुतक फिटल्यावर तापीवरून येताना मी धर्मशाळेत शिरले. सुलभाबाई सामान बांधत होत्या.

"तुमच्या शोधात कमलचं काय धरलंत?"

"तिला वगळलं. जिनं खाल्लंच नाही, तिच्यावरून खमिराबद्दल काही सांगता येत नाही."

"म्हणजे तिची गणती घरात नाही, आणि तुमच्याकडेही नाही."

त्या खाली बसल्या. "बाया घाबरू नयेत म्हणून मी खाणं म्हटलं. सगळीकडे तसंच म्हणते."

"औषध ज्याचं त्याचं असतं, बाई. अन्न घराचं असतं."

त्या उठून माझ्याजवळ आल्या. मग माझी पापणी ओढून पाहिली. "तुम्हीही पांढऱ्या पडलात. उपास फार का? ही बरणी न्या."

घरी सासूबाईंनी विचारलं, "काय आणलंस, मालती?"

"माझं औषध."

मी काही पोटुशी नव्हते. त्यांनी बरणी फळीवर ठेवू दिली. जेवताना मामंजींची नजर फळीकडे गेली, तर त्याच म्हणाल्या, "ती मालतीची दवा आहे. तुम्हाला काय धाड भरलीय?"

पोथी झाली की मी बोटभर घेते. एकादशीलाही घेते. दवेला दोष नाही, हेही त्याच सांगतात. परवा माझी हनुवटी उचलून म्हणाल्या, "कसं तेज आलंय गं तोंडावर!"

मला ते तेज पदरानं पुसून काढावंसं वाटलं. बरणी अजून अर्धी आहे. तिला कुणी हात लावत नाही.