साहेबांची ठंडाई आणि दिलीपची बाटली

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे आणि आजकाल मला माझ्याच पोटाची किळस येते. कारखान्यातून निघालो तेव्हा पांढराशुभ्र होतो. सौंसरच्या श्रीधर शेठनी मला त्यांच्या संत्रा पॅकिंगच्या ऑफिसात आणलं. ऑफिस झाडणाऱ्या, चहा करणाऱ्या वंदनाबाईनं मला हळदकुंकू लावलं. उन्हाळ्यात हमाल, ड्रायव्हर सगळे माझ्यातलं पाणी प्यायचे आणि मला दुवा द्यायचे. ते माझे चांगले दिवस.

पुढे शेठना शीतगृह बांधायची हौस आली. त्याला कर्ज हवं, म्हणून बँकेचे साहेब हवेत. साहेबांशी संबंध सांभाळणं म्हणजे काय, ते मी आतून पाहिलं आहे. साहेबांसाठी श्रीखंड, साहेबांसाठी निवडक संत्र्यांचा रस, साहेबांच्या लेकीच्या वाढदिवसाचा केकसुद्धा माझ्याच पोटात! हमालांच्या बाटल्या बाहेर उन्हात गेल्या. साहेब आले की शेठ असे काही वाकायचे की बघवत नसे.

महाशिवरात्रीला तर कहर झाला. शेठनी भांगेची ठंडाई माझ्यात गार करायला ठेवली. साहेबांनी पेल्यावर पेले रिचवले. ट्रक चालवणारा दिलीप मात्र सुपारीचं खांडही न खाणारा माणूस. तो नको नको म्हणत होता.

"घे रे, महादेवाचा प्रसाद आहे. प्रसादाले कोणी नाही म्हणते का?" शेठनी पेला त्याच्या हातात कोंबला. दिलीपनं तो कपाळाला लावला आणि पिऊन टाकला.

त्याच आठवड्यात बँकेची अट आली. कर्ज हवं असेल तर ट्रकचालकांची नशेची तपासणी करून दाखवा. लघवीच्या बाटल्या भरल्या. तपासणीवाला येईपर्यंत त्या ठेवल्या कुठे? माझ्यात! साहेबांच्या श्रीखंडाला अगदी चिकटून. शी! मला ओकता येत नाही, हे माझं दुर्दैव.

दिलीपच्या बाटलीत भांग निघाली. शेठनी त्याला सगळ्यांसमोर नशेबाज म्हटलं आणि कामावरून काढलं.

"शेठ, भांग तर तुमीच पाजली त्याले," वंदनाबाई न राहवून म्हणाली.

"तो प्रसाद होता, वंदनाबाई. हा रिपोर्ट आहे."

"मंग तुमची अन् साहेबाची बी तपासनी करा," दिलीप म्हणाला.

"साहेबाचं नाव काढलं तर याद राख!" शेठ गरजले.

बातमी शेजारच्या मोहगावपर्यंत गेली. नशेबाज म्हणून बदनाम झालेल्या माणसाच्या हाती ट्रक कोण देणार? दिलीप दारोदार फिरला. इकडे कर्ज मंजूर झालं. मग शेठनी त्याला गुपचूप बोलावलं.

"अर्ध्या मजुरीवर ये. तुह्यं नाव कागदावर कुठी लागनार नाही."

दिलीपनं सरळ विचारलं, "शेठ, मी नशेबाज आहो तर मले ट्रक काहून देऊन राहिले? अन् नसन, तर गावात माह्यं नाव काहून नासवलं?"

तेवढ्यात शेठचा फोन वाजला. बँकेचे साहेब होते. "हो साहेब! आपला स्टाफ एकदम स्वच्छ आहे. होता एक गंजेडी, त्याले हाकललं," शेठ हसत बोलले. दिलीप तिथंच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं, पायात चपला सरकवल्या आणि निघून गेला.

मित्रांनो, वंदनाबाई रोज सोडा टाकून मला घासते आणि मी पुन्हा लख्ख होतो. पण दिलीपला आजही कोणी काम देत नाही. उद्या तुमच्या हाताखाली माणसं येतील. आपल्या वस्तू जपता तसं त्यांचं नावही जपा. ज्याला आपण हातानं पाजलं, त्यालाच नशेबाज ठरवू नका. शेठनी नेमकं तेच केलं, आणि या माणसाला त्याची लाजही वाटत नाही.