संस्थापकांची गाडी

मोटार क्लबाला शंभर वर्षं झाली तरी अक्कल काही आली नाही, असं क्लबाच्या मिस्त्रीचं ठाम मत होतं. पस्तीस वर्षं तो रस्त्यात बंद पडलेले सभासद ओढून आणत होता. शताब्दीच्याच दिवशी तो निवृत्त होणार होता आणि त्याला एकच हवं होतं: सभासदांच्या फळ्यावर आपलं नाव.

"ज्याची गाडी, तोच सभासद. संस्थापकांचा नियम आहे," सेक्रेटरी म्हणाले. "तुझ्याकडे तर सायकल!"

संस्थापकांचे नियम चौकटीत टांगलेले होते. सभासदाने बॉनेटला हात लावू नये, हा सगळे अगदी मनापासून पाळत. शेवटचा मात्र कोणी वाचलाच नव्हता: काढलेला जुना भाग मिस्त्रीचा.

मिस्त्रीने वाचला होता. हॉलमधली संस्थापकांची गाडी दरवर्षी मिरवणुकीला निघे आणि दरवर्षी काहीतरी मोडे. कधी दार, कधी इंजिन, एकदा तर अख्खा सांगाडा. नवा भाग बसला की जुना मिस्त्रीच्या अंगणात. "घर आहे की भंगारखाना?" म्हणत बायको कपाळावर हात मारून घ्यायची.

शताब्दीच्या सकाळी सभासद कोट चढवून उभे होते, तेवढ्यात फाटकातून मिस्त्री आला. स्टिअरिंगवर स्वतः, मागून ढकलायला बायको आणि चक्क जावई! गाडी गंजकी, ठिगळांची. पण अध्यक्षांनी सांगाड्यावरचा नंबर वाचला आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं. संस्थापकांची खरी गाडी हीच होती. हॉलमधल्या गाडीत जुना म्हणावा असा फक्त हॉर्न उरला होता.

"अहो, पण ही चालते कुठे?" सेक्रेटरी चिडले.

"चालायला हवी असं लिहिलंय कुठे?" बायकोने धापा टाकत विचारलं.

झालं! पेंटरने तिथल्या तिथे नाव रंगवलं. मिस्त्रीला भरून आलं. तेलकट फडक्याने त्याने डोळे पुसले आणि अजूनच चुरचुरले.

मिरवणूक निघाली. हॉलमधली गाडी अध्यक्षांना घेऊन फाटकापर्यंत गेली, दोनदा खोकली आणि ठप्प.

"मिस्त्री, बॉनेट उघड!" अध्यक्ष सवयीने ओरडले.

मिस्त्रीने खिशातले हात बाहेर काढलेच नाहीत. "माफ करा साहेब, सभासदाला मनाई आहे. तुम्ही क्लबाला फोन करा, मिस्त्री येईल."

अध्यक्षांनी खरोखरच फोन लावला. आत मिस्त्रीच्या रिकाम्या टेबलावर घंटा वाजत राहिली, आणि फाटकाशी सगळे ती ऐकत उभे राहिले.