मच्छीमारांसाठी सूचना

कलाबाईनं चाड्यावर मूठ धरली होती आणि पेरणीची पाभर पुढं सरकत होती. बोटांच्या फटीतून शाळूचं बी एका लयीत सुटत होतं, चाड्यातून नळ्यांत आणि नळ्यांतून ओलसर काळ्या मातीत. रंभाजी बैलांना हाकत होता. कलाबाईच्या ओटीत बियाण्याशेजारी मोबाईल होता. त्यातून एक स्वच्छ, ठाम आवाज सांगत होता, की अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आहे, दक्षिण कोकणच्या किनारपट्टीवर सोसाट्याचा वारा वाहील आणि समुद्र खवळलेला राहील.

"मच्छीमारांनी," आवाज म्हणाला आणि किंचित अडला. "मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये."

कलाबाईची मूठ मिटली. पाभर बी न सोडताच पुढं गेली. तास रिकामं चाललंय हे मागं न बघताही रंभाजीला कळलं. त्यानं कासरा ओढला.

"काय झालं?"

"जयाचा आवाज बरा न्हाई."

"सर्दी आसंल," तो म्हणाला. त्यानं बैल मागं घेतले आणि रिकाम्या गेलेल्या तासावर पाभर पुन्हा लावली.

जयमाला त्यांची एकुलती एक लेक. नगरला कॉलेजात असताना वक्तृत्वाच्या ढाली आणायची. लग्नानंतर ती रत्नागिरीला गेली आणि तिथल्या रेडिओ केंद्रावर निवेदनाचं काम करू लागली. हवामानाची बातमी वाचायचं काम तिच्याकडं आलं, तेव्हा तिनंच सुट्टीत येऊन आईच्या मोबाईलवर रेडिओ लावून दिला होता. तेव्हापासून मिरजगावच्या शिवारात, जिथं जानेवारी उलटला की विहिरीचा तळ दिसतो, तिथं रोज संध्याकाळी भरती-ओहोटीची आणि लाटांच्या उंचीची बातमी ऐकली जायची. शेजारच्या वावरातला मच्छिंद्र बांधावरून विचारायचा, रंभाजी, उद्या होडी काढायची का न्हाई? रंभाजी गंभीरपणे सांगायचा, बंदी हाय, सरकारनं न्हाई म्हनलंय.

पहिल्यांदा ती बातमी लागली, तेव्हा रंभाजी डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला होता. लेक काय सांगतेय हे त्याला अर्धंमुर्धंच कळत होतं. पण दर्यावरची माणसं तिच्या शब्दाखातर होड्या ओढून घेतात, हे त्याला नीट कळलं होतं. कलाबाई मात्र शब्दांकडं फारसं लक्ष द्यायची नाही. लेक जेवली की नाही, झोपली की नाही, हे ती आवाजावरून ताडायची, आणि फोनवर विचारल्यावर ते बहुतेक खरंच निघायचं.

त्या संध्याकाळी तिनं फोन केला. जयमाला म्हणाली, सर्दी झालीय, इथं हवा दमट आहे, दिवाळीला येतेच आहे. बोलणं लवकर आटोपलं.

रंभाजीला वेगळीच शंका आली. जावई पंकज मुंबईच्या समुद्रात तेलविहिरींना सामान पुरवणाऱ्या जहाजावर होता. महिना-महिना तो पाण्यावरच असायचा. आता एवढं वादळाचं चाललंय म्हटल्यावर पोरगी घाबरणारच. सकाळी त्यानं पंकजच्या भावाला, महेंद्रला, सुप्याच्या कारखान्यात फोन लावला. महेंद्र म्हणाला, मामा, काळजी नको, कालच बोलणं झालंय, जहाज आडोशाला नेऊन उभं केलंय. रंभाजीनं ते बायकोला दोनदा सांगितलं. तिनं दोन्ही वेळा मान डोलावली.

संध्याकाळी पुन्हा बातमी लागली. या वेळी जयमाला कुठंही अडली नाही. ओळीमागून ओळ ती वाचत गेली. एकही शब्द खालीवर झाला नाही. कलाबाई चुलीपुढं बसली होती. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं ती उलटली नाही.

"आता तर बरी वाचली की," रंभाजी म्हणाला.

"मी जाऊन येते."

पेरणी निम्मी राहिली होती, ओल उडत चालली होती. रंभाजीनं त्यातला एकही विषय काढला नाही. चाड्यावर मच्छिंद्रची मालकीण येईल म्हणाला, आणि उठून गावात गेला. पुण्याहून पुढची यष्टी कधी मिळते ते विचारून आला.

कलाबाई रत्नागिरीला उतरली तेव्हा सकाळ झाली होती. वारा एवढा होता, की स्टँडबाहेर माडांच्या झावळ्या एकाच बाजूला वळलेल्या दिसत होत्या. जयमालानं दार उघडलं. आईला पाहून ती हसली. "अगं, सर्दीसाठी एवढ्या लांब?" असं म्हणून तिनं पिशवी घ्यायला हात पुढं केला. मग वाकता-वाकता थांबली, आणि पिशवी तिथंच राहू दिली.

कलाबाईनं हातपाय धुतले, पाणी प्याली. ओट्याशी गेली. गव्हाचा डबा कुठं, गूळ कुठं, एवढंच विचारलं. चहा घेताना लेक भिंतीला टेकून बसली. उठताना तिनं एक हात जमिनीवर टेकला आणि दुसरा ओटीपोटावर ठेवला. खिडकीत लोहाच्या गोळ्यांचं पाकीट होतं. नखं पांढरीफटक झाली होती.

कलाबाईनं आपली पिशवी उघडली. नेसायला आणलेल्या दोन लुगड्यांतलं जुनं, मऊ झालेलं लुगडं काढलं. काठ दातात धरून तिनं ते उभं फाडलं. त्या आवाजानं जयमालानं वर पाहिलं.

"हकडं ये. आडवी हो."

"आई, काय करतेस?"

"पोट बांधते."

जयमाला तशीच उभी राहिली. मग चटईवर आडवी झाली. कलाबाईनं पट्टा तिच्या कमरेखालून सरकवला, पोटावर आणला आणि ताणून एकेक वेढा घातला, बाळंतिणीला घालतात तसा. तिसऱ्या वेढ्याला लेकीच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं.

"डॉक्टर म्हणाल्या, हल्ली असं काही बांधत नाहीत," ती म्हणाली.

"डाक्टर त्यांचं करतील. मी माझं करते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चौथा महिना होता. दिवाळीला घरी येऊन, समोर बसवून सांगायचं ठरवलं होतं. दसऱ्यानंतर एका दुपारी अचानक पोटात दुखायला लागलं. घरमालकीण दवाखान्यात घेऊन गेली, पण उपयोग झाला नाही. पंकजला फोनवर सांगितलं. फोनवर तो नुसता रडत राहिला. त्याच्या जागी दुसरा माणूस जहाजावर जायला हवा, तेव्हा तो उतरणार. पण समुद्र खवळलेला म्हणून बोट सुटत नव्हती.

"रोज मीच वाचते, समुद्र खवळलेला राहील," जयमाला म्हणाली. "कागदावर तेच असतं. वाचून झालं की बाहेर येऊन मीच मोजत बसते, अजून किती दिवस."

"मग गं सुट्टी का न्हाई घेतली?"

"घरात बसून काय करू? तिथं निदान कुणाला तरी सांगता येतं, जाऊ नका म्हणून."

कलाबाईनं शेवटची गाठ मारली आणि तिथंच, लेकीच्या पायांशी बसून राहिली. बाहेर झावळ्यांचा एकसारखा आवाज येत होता. मग ती बोलली, लेकीकडं न बघता.

"तुज्या आदी एक हुतं. पाच म्हैन्याचं. असंच पेरनीच्या दिसात गेलं. तुज्या आज्जीनं माजं पोट असंच बांधलं हुतं."

जयमाला कोपरावर उठली. "कधी सांगितलं नाहीस."

"कुनाला सांगायचं?"

"आण्णांना माहीत होतं ना?"

"त्यांनीच न्हेलं. फडक्यात गुंडाळून. कुठं न्हेलं ते मी इचारलं न्हाई, त्यांनी सांगितलं न्हाई. मागारी आले, बैल जुपले. त्यावर आमचं बोलनं कंदीच झालं न्हाई."

जयमालानं आईचा हात ओढून आपल्या पोटावरच्या पट्ट्यावर ठेवला. तो तिथंच ठेवून ती झोपली. किती तरी दिवसांनी ती दिवसाउजेडी झोपली असावी. तोंड उघडं होतं, लहानपणी असायचं तसं.

दुपारी तिनं दोन घास जास्त खाल्ले. संध्याकाळी कामाला निघाली तेव्हा कलाबाईनं अडवून पाहिलं. जयमाला म्हणाली, आज मोठा इशारा आहे, काही होड्या अजून बाहेर आहेत. मग कलाबाईही रिक्षात तिच्या शेजारी बसली. केंद्राच्या व्हरांड्यात एक बाक होता. तिथं बसून तिनं जाड दार लेकीमागं बंद होताना पाहिलं. आत काय चाललंय ते इथं ऐकू येत नव्हतं. लेकीच्या एवढ्या जवळ येऊन पहिल्यांदाच तिची बातमी कलाबाईनं ऐकली नाही. ती कुंपणापलीकडं बघत राहिली. तिकडं राखाडी पाणी होतं, आणि त्यावर पांढऱ्या रेघा उठून मोडत होत्या. समुद्र ती पहिल्यांदाच बघत होती. एवढं पाणी, आणि एकही माणूस नाही.

थोड्या वेळानं मोबाईल वाजला. रंभाजी होता.

त्यानं आधी पेरणीचं सांगितलं. खालचं वावर उरकलं होतं, मच्छिंद्रच्या मालकिणीचा हात चांगला होता. भाकरी शेजारून येत होती. मग तो थांबला.

"कशी हाय?"

"बरी हाय. सर्दी झालीया," कलाबाई म्हणाली. "कंबर धरलीया जरा. आठ-धा दिस ऱ्हाते मी."

पलीकडं बैलाच्या गळ्यातली घुंगरं तेवढी वाजत होती. फोन लागलाय की तुटलाय ते पाहायला तिनं तो कानावरून काढला आणि पुन्हा लावला.

"बाळंतशेपा मिळत्यात का तिथं?" रंभाजीनं विचारलं.

कलाबाईनं बाकाची कड घट्ट धरली.

"मिळत असत्याल," ती म्हणाली.

"आसं."

"पर तुमी घरच्या पाठवा."

"उद्याच्या यष्टीत देतो," तो म्हणाला. पण फोन ठेवला नाही. तिनंही ठेवला नाही.