दुसरा ट्रॅक

भाऊजींचं चष्म्याचं दुकान होतं, आणि जगातली कुठलीही गोष्ट ते भिंगांसारखीच निवडायचे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एक काच धरायची, मग दुसरी, आणि विचारायचं, "हे स्पष्ट की हे?" घरात पडदे आणायचे असोत नाहीतर छत्री, भाऊजी दोनदोनच्या जोड्या लावून एकेक बाद करत बसायचे. ताई म्हणायची, "लग्न ठरवताना माझ्या शेजारी दुसरी कोणी उभी नव्हती म्हणून निभावलं. नाहीतर अजून चाललंच असतं."

कॅसेटचे दिवस होते ते. घराघरातून गाणी डब्यात भरून ठेवलेली असत, आणि अडकलेली फीत पेन्सिलीनं गुंडाळून परत आत घालणं हे लहान मुलांनाही येई. त्याच सुमाराला सर्जननं ताईच्या घशातली गाठ काढायला हवी असं सांगितलं. गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागणार होती. "जेवता येईल, फिरता येईल," तो म्हणाला. बोलता येईल का, हे तिघांपैकी कोणीच विचारलं नाही. त्याच्या तोंडावरच लिहिलेलं होतं.

तिघं म्हणजे ताई, भाऊजी आणि ताईची धाकटी बहीण. धाकटीला सगळे शेपटी म्हणत. लहानपणी ती ताईचा फ्रॉक धरून मागे मागे फिरायची, तेव्हापासूनचं नाव. आता ती शर्टांच्या कारखान्यात कॉलरी शिवत होती, केस पिकायला लागले होते, तरी नाव तेच.

या दोघींची आई लाँड्रीत इस्त्री करायची. इस्त्रीच्या लांब लांब फटकाऱ्यांवर ती गाणी जुळवायची, दोन गळ्यांची. ताईनं खालच्या सुरात सुरुवात करायची आणि शेपटीनं मागून वर चढायचं. या गाण्यांना ठेका नव्हता, वाद्य नव्हतं. आई गेल्यावर ती गाणी या दोन गळ्यांतच उरली होती, आणि त्यातला एक आता जाणार होता.

हॉस्पिटलातून परत येताना बसमध्ये ताईच म्हणाली, "एक मशीन मिळतं म्हणे. त्यात कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक भरता येतात. एकावर मी गाऊन ठेवते. दुसरा तुला. तुझं चुकलं की तुझं तेवढं पुसायचं आणि परत गायचं. माझं तसंच राहील."

"माझं चुकेल कशाला?" शेपटी म्हणाली.

"जन्मभर चुकलीस ती आता सुधारणार आहेस?"

भाऊजी खिडकीबाहेर बघत होते. "मशीन मी आणतो," ते म्हणाले. "पण चांगलं बघून."

'चांगलं बघून' म्हणजे किती दिवस, हे शेपटीला ठाऊक होतं.

भाऊजींनी दुकानातून माहितीपत्रकं आणली आणि जेवायच्या टेबलावर मांडली. ताटं ओट्यावर गेली. एका मशीनवर चारही ट्रॅक एकदम भरता येत, दुसऱ्यावर दोनच, पण त्याचे आवाज कमीजास्त करायचे स्लायडर मऊ होते. एकाची फीत दुप्पट वेगानं पळे, त्यामुळे आवाज स्वच्छ, पण कॅसेट लवकर संपे. भाऊजी संध्याकाळी दुकान बंद करून वाद्यांच्या दुकानात जात आणि विक्रेत्याला दोन्ही मशिनं शेजारी शेजारी लावायला लावत.

"हे स्पष्ट की हे?" ते शेपटीला विचारत. तिलाही बरोबर नेत, कारण तिचे कान चांगले.

"भाऊजी, दोन्ही चांगली आहेत. कुठलंही घ्या."

"कुठलंही कसं? पहिलं परत ऐक. मागे सूं-सूं येते का?"

विक्रेता लांब केसांचा, शांत माणूस होता. तो म्हणाला, "काका, ती सूं-सूं कॅसेटचीच. माणसाच्या कानाला नंतर ऐकू येत नाही."

"मला येते," भाऊजी म्हणाले.

शेपटीनं एकदा ताईला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "घरातला जुना टेपरेकॉर्डर काढ. बटण दाबू आणि गाऊन टाक. नंतर नवीन येईल तेव्हा येईल."

ताई भांडी पुसत होती. आवाज आता वाळूतून आल्यासारखा यायचा. "त्यांना वाईट वाटेल," ती म्हणाली.

"आणि तुझं?"

"मशीन ठरलं की ऑपरेशनचा दिवस ठरणार, हे त्यांना कळतंय. म्हणून ठरत नाहीये." तिनं पातेलं पालथं घातलं. "मी तरी कुठल्या तोंडानं घाई करू?"

कारखान्यात शेपटी कॉलर उलटी शिवायची आणि परत उसवायची. घरी येऊन ताईला फोन करायची, निव्वळ आवाज आज कसा आहे ते बघायला. "हॅलो" वरूनच कळायचं. मग ती उगाच भाजीचा भाव विचारायची.

शेवटी सर्जननंच तारीख सांगितली, आणि भाऊजी दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन आले. मऊ स्लायडरवालं. बरोबर एक चपटी काळी पेटीही होती.

"हे काय आणलं?" ताईनं विचारलं.

"याला गेट म्हणतात. आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की ही पेटी दार लावून घेते. रस्त्यावरचा आवाज नाही, सूं-सूं नाही. फक्त गाणं."

"प्रतिध्वनीचं यंत्र नाही आणलं? म्हटलं, मोठ्या हॉलमध्ये गायल्यासारखं वाटेल."

"दोन्ही ऐकली. हे जास्त स्पष्ट."

विक्रेत्यानं त्यांना सांगितलं होतं की आधी आवाज साधा भरा, पेट्या-बिट्या नंतर जोडा, एकदा कॅसेटवर गेलं की गेलं. भाऊजींना ते पटलंही होतं. पण रविवारी सकाळी ताई माइकसमोर बसली, भाऊजींनी हेडफोन कानाला लावले, आणि पहिल्याच ओळीला त्यांचा चेहरा उतरला. माइक फार चांगला होता. गाण्याच्या मधे मधे ताईची धाप, घशातली घरघर, श्वास ओढतानाची बारीक शिट्टी, सगळं त्यांच्या कानात ओतलं जात होतं. ते त्यांना ऐकवेना. हात पुढे करून त्यांनी गेटची वायर मधे जोडली आणि बटण फिरवत राहिले, घरघर नाहीशी होईपर्यंत.

शेपटी समोर बसली होती. तिला हेडफोनमधलं काही ऐकू येत नव्हतं. तिला दिसत होतं ते एवढंच, की भाऊजींचा चेहरा हळूहळू मोकळा होतोय आणि ताई डोळे मिटून आईची सगळी गाणी एकामागून एक गातेय. शेपटीनं ओठ घट्ट मिटून धरले. मधे तोंड उघडलं तर ताईच्या ट्रॅकवर जायचं.

"तू आत्ताच गा ना हिच्याबरोबर," मधल्या विश्रांतीत भाऊजी म्हणाले.

ताईनं मान हलवली. "ती नंतर गाईल. निवांत. तिला वेळ आहे." आणि पाणी प्यायली.

ऑपरेशन झालं. ताई घरी आली, गळ्याच्या खड्ड्यात नळी, तिच्यावर पातळ रुमाल. काही हवं असलं की ती चमच्यानं टेबलावर टकटक करायची. रागावली की जोरात. शेपटी म्हणायची, "बोलत होतीस तेव्हा बरी होतीस गं, आता फार ओरडतेस." ताईचे खांदे हसण्यानं हलायचे, आवाज मात्र हवेचा यायचा.

जरा बरं वाटल्यावर ताईनंच मशीनकडे बोट दाखवलं. शेपटीनं हेडफोन लावले, दुसऱ्या ट्रॅकचं बटण दाबलं. कॅसेट फिरली. ताईचा आवाज आला, खरखरीत पण धरलेला, जवळचा. ओळ संपली आणि काहीच उरलं नाही. नुसती कोरी शांतता, जणू कोणीतरी ताईला उचलून खोलीबाहेर नेलं. मग दुसरी ओळ एकदम आली, आणि शेपटी मागे राहिली.

तिनं कॅसेट मागे घेतली. परत उशीर झाला. पुढच्या वेळी घाईनं सुरू केलं तर ताईच्या आधीच गेली. गाणं तर पाठ होतं, झोपेत उठवलं तरी म्हटलं असतं. मग का जुळत नाही? तिनं गायचं सोडून नुसतं ऐकलं, आणि तेव्हा तिला कळलं की आपण जन्मभर ताईच्या सुरामागे गेलोच नव्हतो. ताई श्वास घ्यायची, आणि तो श्वास ऐकून शेपटीही घ्यायची. किती खोल, किती घाईचा, त्यावरून ओळ केवढी येणार ते कळायचं. आईनं हे शिकवलं नव्हतं, दोघींनी कधी बोलूनही दाखवलं नव्हतं. आणि कॅसेटवर श्वास नव्हता. एकही नव्हता. शब्दांची शेपटंसुद्धा कातरलेली होती, जिथे ताईचा आवाज बारीक होऊन विरत गेला असणार तिथे पेटीनं दार लावून घेतलं होतं.

तिनं सगळी बटणं फिरवून पाहिली. चपटी पेटी काढून पाहिली. शेवटी एकटीच जाऊन त्या विक्रेत्याला विचारून आली. त्यानं कॅसेट ऐकली आणि केस मागे सारले. "हे आत गेलंच नाही, काकू. नाही ते कुठून काढणार?"

ताईला तिनं खाणाखुणांची गरज नसताना खाणाखुणांनी सांगितलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवून. ताईला लगेच समजलं. ती मशीनशेजारी खुर्ची ओढून बसली, दुसरे हेडफोन लावले आणि बोट वर केलं, चालू कर.

ओळीच्या आधी ताईनं श्वास ओढला. तो नळीतून आला, फुसकन, आणि उशिरा. पुढच्या ओळीला लवकर. तिलाही ठाऊक नव्हतं आपण कुठे श्वास घेत होतो ते. गाताना तो आपोआप यायचा, आता गाणं एकीकडे पळत होतं आणि ती त्याच्यामागे शेपटीसारखीच धावत होती. तिसऱ्या ओळीला तिला खोकला आला. रुमाल हातात धरून ती वाकली, शेपटीनं तिची पाठ चोळली. कॅसेटमधली ताई शांतपणे, धाप न लागता, गात राहिली.

भाऊजी दुकानातून आले ते दारातच थांबले. दोघी एकमेकींजवळ, हेडफोन लावून बसलेल्या. त्यांचा चेहरा उजळला.

"जुळलं?" त्यांनी विचारलं. "स्पष्ट येतंय ना?"

शेपटीनं ताईकडे पाहिलं. ताईनं डोळे पुसले, नवऱ्याकडे बघून मान डोलावली आणि चमच्यानं टेबलावर हळूच दोनदा वाजवलं.

"हो भाऊजी," शेपटी म्हणाली. "अगदी स्पष्ट."

"मग मला ऐकवा की तुमचं दोघींचं," भाऊजी म्हणाले, आणि बूट काढायला खाली वाकले. शेपटी दुसऱ्या ट्रॅकच्या स्लायडरवर बोट ठेवून तशीच बसून राहिली.