रक्तातला संशय

काच कापताना हात कचरला की संपलं. हिऱ्याच्या कटरनं एकच रेघ ओढायची, एका दमात, आणि टेबलाच्या कडेवर हलका दाब द्यायचा. काच मुकाट्यानं दोन होते. हे ज्याला जमतं त्याचं दुकान चालतं, आणि काचवाल्यांचं दुकान चांगलं चालत होतं. खिडक्यांची तावदानं, आरसे, कपाटांची दारं, काहीही असो, लोक त्यांच्याकडेच यायचे. नावानं त्यांना कुणी हाक मारत नसे. सगळ्या रस्त्याला ते काचवाले, आणि त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत, कारण ती पोहण्याच्या तलावावर शिकवायची. लहान पोरं शिकतातच. बाईंचा हातखंडा होता तो पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांना शिकवण्यात.

त्या वर्षी काचवाल्यांचा हात बिघडला. चालता बोलता उजवा हात एकदम वर उडायचा, तोंडाची उजवी बाजू खेचली जायची, आणि पापणी लवेपर्यंत सगळं पूर्ववत. उचकी लागावी तसं. दिवसातून कितीतरी वेळा. एकदा हातातलं तावदान गेलं, मग एक आरसा गेला. "वय झालं," ते गिऱ्हाइकांना हसून सांगायचे आणि कुणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून हात खिशात ठेवायचे. मापं विसरायला लागली तेव्हा तर त्यांनी हसणंही सोडलं. जो माणूस खिडकी नुसती पाहून माप सांगायचा, तो आता शिडी उतरेपर्यंत आकडा घालवून बसायचा.

अशातच तलावावरून निरोप आला. प्रेक्षकांच्या सज्ज्यातलं एक तावदान तडकलं होतं. काचवाले माप घ्यायला गेले, टेप लावली, आणि सहज खाली पाहिलं.

पाण्यावर त्यांचा धाकटा भाऊ उताणा पडला होता. धाकटा बस चालवायचा, एकटा राहायचा, आणि जन्मात कधी गुडघाभर पाण्यात उतरलेला नव्हता. त्याचे डोळे मिटलेले होते. बाईंचा एक हात त्याच्या मानेखाली होता, दुसरा पाठीखाली. त्या वाकून काहीतरी बोलल्या. धाकटा डोळे न उघडता हसला.

काचवाल्यांनी टेप गुंडाळली. माप न घेताच ते परतले.

बाई घरी आल्या, ओला टॉवेल वाळत घातला. काचवाल्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "आज काय विशेष?"

"विशेष म्हणजे भावजी तरंगले आज! आपापले तरंगले. हात काढून घेतला तरी कळलं नाही त्यांना."

किती सहज सांगते आहे, काचवाल्यांच्या मनात आलं. चोर तो चोर, वर शिरजोर.

"तो कधीपासून यायला लागला तिथे?"

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "असं काय करता? तुम्हीच तर पाठवलंत त्यांना. क्लच दाबून दाबून गुडघे गेले, पाण्यात व्यायाम कर, असं म्हणालात. या इथे, याच टेबलाशी."

काचवाल्यांनी डोकं खाजवलं. असं काहीही झालेलं त्यांना आठवत नव्हतं. पुसटसंही नाही. आणि जे आपल्याला आठवत नाही ते झालेलंच नाही, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. म्हणजे दोघांनी मिळून ही गोष्ट रचली होती. तीही अशी, की सगळं खापर आपल्याच माथी फुटावं.

तिथून मत्सरानं त्यांचा ताबा घेतला. एकदा शंकेचं भूत मानगुटीवर बसलं की पुरावा शोधत हिंडावं लागत नाही, तो आपल्या पायांनी दारात येतो. बाई गुणगुणल्या तर कुणासाठी, आणि गप्प बसल्या तर कुणाच्या आठवणीनं? धाकट्यानं दाढी केली तर का केली? त्यांनी बाईंचा टॉवेल हुंगून पाहिला. फोनवर बोलणं चालू असताना दाराआड उभे राहिले. दुकान बंद ठेवून बसच्या थांब्यासमोर ताटकळले, धाकटा कुठल्या वेळेला मोकळा असतो ते पाहायला. धाकट्याला चाललेल्या बसच्या खिडकीतून भाऊ दिसला, त्यानं हॉर्न वाजवून हात केला. काचवाल्यांना तो हात खिजवणारा वाटला.

एका सकाळी चहाचा कप समोर ठेवताच ते म्हणाले, "त्यालाही असाच करून देतेस का?"

बाई आधी हसल्या, त्यांना थट्टा वाटली. थट्टा नाही हे कळल्यावर रडल्या. आणि तेच तेच रोज ऐकून शेवटी रडायच्याही थांबल्या. "तुमचा हात बघा कसा उडतोय," त्या एकदा म्हणाल्या. "चेहराही खेचला जातो. रात्ररात्र झोपत नाही तुम्ही. डॉक्टरांकडे चला."

"म्हणजे मला वेडा ठरवायचं आणि तुम्ही दोघं मोकळे."

 पोहणं शिकवताना बाईंना ठाऊक असायचं, बुडणारा माणूस वाचवायला आलेल्यालाच आधी खाली ओढतो. पण तिथे निदान त्याला धरता येतं.

शेवटी धाकटाच दुकानात आला. काचवाले कपाटाच्या दाराची काच उचलत होते.

"दादा, आईच्या जागी मानलं मी वहिनीला. कुणी काय भरवलंय तुझ्या डोक्यात?"

"डोळ्यांनी पाहिलंय मी!"

"काय पाहिलंस? पोहायला शिकत होतो. तूच पाठवलंस ना?"

"परत तेच! दोघांनी पाठ केलंय का रे?"

काचवाले काच हातात धरूनच पुढे सरकले आणि त्याच क्षणी हात उडाला. काच आधी त्यांच्या हातावर आपटली आणि मग फरशीवर. मनगटाच्या वर लांबलचक चीर पडली, रक्ताची धार लागली. धाकट्यानं अंगातला सदरा काढला, जखमेवर करकचून बांधला आणि दादाच्या शिव्या खात खातच त्यांना इस्पितळात नेलं. बाई तलावावरून तशाच, ओल्या केसांनी धावत आल्या. ती दोघं कोपऱ्यात हळू आवाजात बोलताना पाहून काचवाल्यांना जखमेपेक्षा जास्त झोंबलं.

टाके घालणारा तरुण डॉक्टर मध्येच थांबला. "आत्ता हात आणि तोंड एकदमच ओढलं गेलं. हे नेहमी होतं?"

"काही होत नाही," काचवाले म्हणाले.

"दिवसातून कितीतरी वेळा होतं," बाई म्हणाल्या. "आधी हात, आणि त्याच बाजूचा गाल. विसरायलाही खूप लागलेत."

रक्त तपासलं तर त्यातलं मीठ फार उतरलेलं निघालं. काचवाल्यांना ठेवून घेतलं, आणि दुपारी मेंदूच्या डॉक्टर आल्या. अंगानं धिप्पाड, आवाज पहाडी. त्यांनी हात तपासले, डोळे तपासले, तीन शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले. काचवाल्यांना एकही सांगता आला नाही.

"घरी काही त्रास?"

"माझी बायको माझ्या भावाबरोबर आहे," काचवाले सगळ्यांसमोर म्हणाले. बाईंनी मान खाली घातली.

डॉक्टर हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. "हे कधीपासून वाटतंय? हात उडायला लागला त्याच्या आधीपासून की नंतर?"

हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. काचवाल्यांनी बोटांवर महिने मोजले. "नंतर," ते म्हणाले.

मेंदूचा फोटो काढला, पाठीच्या कण्यातून सुई घालून थोडं पाणी काढलं. सगळे निकाल हाती आल्यावर डॉक्टर पलंगाच्या कडेवर येऊन बसल्या आणि त्यांनी काचवाल्यांच्या हातावरची पट्टी सोडली. टाक्यांच्या कडा लालसर होत्या, पण चीर मिटत आली होती.

"छान भरतेय. कशानं भरतेय, माहिती आहे?"

"औषधानं."

"औषधाचा भाग थोडा. तुमच्या रक्तात पहारा असतो. बाहेरून काही घुसलं की त्या पेशी धावून जातात, लढतात, घाण साफ करतात, तेव्हा कुठे कातडी सांधते. एकदा पाहिलेला शत्रू त्या विसरत नाहीत, त्याच्यासाठी नेमकी प्रतिद्रव्यं बनवून ठेवतात. तुमच्या शरीरात एक चूक झालीय. तुमच्याच मेंदूतल्या एका प्रथिनाला ती प्रतिद्रव्यं शत्रू समजून बसली आहेत."

"माझ्याच?"

"तुमच्याच. मेंदूतल्या पेशी एकमेकींना सतत निरोप देत असतात. जिथे एकीचा निरोप दुसरीकडे पोचतो, तिथे हे प्रथिन काम करतं. त्याच्यावरच हल्ला झाला की निरोप भलतेच भडकतात. हात उडतो तो त्यामुळे, ती लहानशी फीटच असते. आणि हा हल्ला सगळ्यात जास्त झालाय तो इथे, कानशिलांच्या आतल्या भागात. आठवणी तिथे साठतात. भीती, माया, राग, त्यांचीही मुळं तिथेच जवळपास."

"चूक का झाली?"

"ते मलाही सांगता येणार नाही. कधी आत एखादी गाठ असते, तुमच्यात ती नाही. तुम्ही काही केलंत म्हणून झालेलं नाही, एवढं नक्की."

काचवाल्यांनी बराच विचार केला. त्यांच्या डोळ्यांत एकदम धूर्त चमक आली. "म्हणजे माझी बायको निर्दोष आहे असं माझं रक्त सांगतं?"

"रक्त बायकोबद्दल काही सांगत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त तुमच्याबद्दल सांगतं."

कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. पहाऱ्याला आवर घालणारी औषधं सुरू झाली, आणि मग शिरेतून बाटल्या चढल्या. परक्या माणसांनी दिलेल्या रक्तातून काढलेली चांगली प्रतिद्रव्यं त्यात होती. औषधांनी त्यांना आधी अधाशासारखी भूक लागली आणि होती नव्हती ती झोपही उडाली. आजार समजावून सांगितल्यावरही ते परिचारिकेला दाराबाहेर बघून यायला सांगत, ती दोघं किती जवळ बसली आहेत म्हणून. पण हात आधी शांत झाला. तोंड खेचलं जाईना. मग एका दुपारी बाई आणि धाकटा एकदमच खोलीत शिरले, बाईंनी हसत हसत त्याच्या हातातली पिशवी घेतली, आणि काचवाले नेहमीच्या त्या आगीची वाट पाहत राहिले. ती आली नाही. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसं त्यांचं मन तिथे जाऊन आलं. जागा रिकामी होती. त्यांना इतकं एकाकी वाटलं की त्यांनी डोळे मिटून घेतले.

घरी आल्यावर सगळं आलबेल झालं असं नाही. इस्पितळातले जवळजवळ सगळे दिवस आणि त्याआधीचे कितीतरी त्यांच्या डोक्यातून पुसले गेले होते. बाईंच्या डोक्यातून काही पुसलं गेलं नव्हतं. त्या औषधं वेळेवर द्यायच्या, पथ्य सांभाळायच्या, आणि झोपायला दुसऱ्या खोलीत जायच्या.

"मी काय काय बोललो तुला?" एकदा काचवाल्यांनी विचारलं.

"जाऊ दे. आजारपण होतं."

"तरी सांग."

"तुम्हाला आठवत नाही हे तुमचं नशीब," बाई म्हणाल्या. "ते बोल मी एकटीनं सांभाळायचे, आणि वर रागवायचीही सोय नाही. आजाऱ्यावर कोण रागावतं?" एवढं बोलून त्या भांडी घासायला वळल्या, आणि ती जरा जोरातच आपटली.

धाकट्यानं पोहणं सोडलं होतं. काचवाले स्वतः त्याच्या घरी गेले, दारातच म्हणाले, "मी पाठवलं होतं म्हणतोस ना? मग परत पाठवतोय. आणि आज जेवायला ये."

जेवताना पहिल्यांदा जरा मोकळं झालं. धाकट्यानं बाईंना डोळा मिचकावला. "वहिनी, ती खिडकीची गंमत आठवते?" बाईंना हसू फुटलं, इतकं की त्यांनी घास खाली ठेवला. "अहो, त्या नर्सनं..." आणि दोघंही पुन्हा हसत सुटली.

काचवाले एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले. आणि ती ओळखीची आग पुन्हा पेटली. ते दचकले. उजव्या हाताकडे पाहिलं. हात ताटाशी निवांत होता. तरी जळत होतं. या दोघांकडे त्यांच्या आयुष्याचे इतके दिवस होते, जे त्यांच्याकडे नव्हते. त्यांच्याच खाटेभोवती जागलेले, घाबरलेले, हसलेले दिवस, आणि तिथे ते स्वतः सोडून बाकी सगळे हजर होते.

"मला तुमचा मत्सर वाटतोय," ते म्हणाले.

 धाकट्याचा हात ताटातच थांबला. बाईंचा चेहरा उतरला.

"नाही, तसा नाही," काचवाले घाईघाईनं म्हणाले. "म्हणजे... तसाच आहे की निराळा, मला सांगता येत नाही. तुम्हाला सगळं आठवतं आणि मला नाही. तुम्ही हसता आणि मी बाहेर उभा. म्हणून विचारतो, हे परत ते दुखणं तर नाही ना?"

बाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, पाण्यात उतरायला आलेल्या नव्या माणसाकडे पाहावं तसं.

"तेव्हा तुम्ही विचारत नव्हता," त्या म्हणाल्या. "तेव्हा नुसतं सांगत होता."

मग त्यांनी खुर्ची थोडी जवळ ओढली. "तुम्ही नर्सला म्हणालात, खिडकीचं माप चुकलंय, मी बदलून देतो. आणि टेप मिळेना म्हणून तिच्या हातातल्या सलाइनच्या नळीनं मोजायला लागलात."

"छे!"

"छे काय? भावजींना म्हणालात, धर ते टोक. आणि त्यांनी धरलं, बिचाऱ्यांनी."

"मी शिव्याही दिल्या असतील."

"दिल्यात ना," धाकटा म्हणाला. "एका हातानं टोक धरायला लावलंस आणि तोंडानं शिव्या."

काचवाले हसले, पण बाईंचं हसू मावळलं होतं. "मला काय काय बोललात, ते आता सगळंच सांगते," त्या म्हणाल्या. "ऐकून सहन होणार नाही तुम्हाला, पण ऐका. आणि मधे बोलायचं नाही."

"नाही बोलणार," काचवाले म्हणाले. धाकटा उठायला लागला, तर त्यांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं.