काचेआडची कातडी

मित्रांनो, मी एक जुनी कातडी आहे. दचकू नका. मला कुणाच्या अंगावरून उतरवलेलं नाही आणि मी कुणाच्या अंगावर कधी चढलेही नाही. शेलूबाजारच्या रस्त्याला औषधशास्त्राचं एक कॉलेज आहे. तिथल्या सरिता मॅडमनी मला घडवलं.

गाळणीच्या पातळ कागदावर त्यांनी मेदाचे थर चढवले. पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या कातडीला असे पुष्कळ थर लागतात. मला दोनच मिळाले, कारण मला सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची कातडी व्हायचं होतं. अशा बाळाची शीर सुईला सापडत नाही. मग औषध कातडीतूनच देता येईल का, आणि किती दिलं म्हणजे जास्त होईल? हे बाळावर करून थोडंच बघतात! म्हणून मी.

काचेच्या दोन वाट्यांच्या मध्ये मला ताणून बसवत. वर औषध, खाली कोमट पाणी. वरचं खाली किती उतरलं, ते मॅडम मोजत. गळणं हाच माझा गुण. प्राचार्य राजपाल सरांना मात्र ते पटेना. "मॅडम, पाहुण्यांसमोर गळकी वस्तू कायले ठेवता? थोडी जाड करा," म्हणाले.

पुढे मॅडमना नागपूरला बक्षीस मिळालं आणि मी एकाएकी सरांची लाडकी झाले. व्हरांड्यात दिव्याचं काचेचं कपाट आलं, त्यात मी बसले. काम सुटलं, कौतुक सुरू झालं. त्या कौतुकाचा हिशेब सांगते. निम्मे पाहुणे माझ्या काचेत आपला भांग नीट करत. उरलेले "वा" म्हणत आणि चहा कुठे आहे ते विचारत.

काच रोज पुसायची ती लिलाबाई. एकदा फडकं हातात धरून तिनं विचारलं, "म्याडम, हे कांद्याच्या सालीवानी काय हाय?"

पाहुण्यांची गाडी फाटकात होती. मॅडम घाईत म्हणाल्या, "ते तुमच्या कामाचं नाही, लिलाबाई. काचेवरचे बोटांचे डाग तेवढे पुसा."

मनात वाईट काही नव्हतं. पण फाटकाबाहेर पडताच विसरणाऱ्याला अर्धा तास, आणि रोज येणारीला अर्धं वाक्य, अशी माणसांची वाटणी असते.

त्या हिवाळ्यात लिलाबाईची लेक धम्मदीपा सातव्याच महिन्यात बाळंत झाली. दवाखान्यातून तान्ही नात घरी आली, तेव्हा थंडी कडक होती. बाळाचे तळपाय गार लागले. लिलाबाईनं तेलात कापूर घालून ते कोमट केलं आणि बाळाची छाती, पाठ, तळवे चोळले. तिची चारही लेकरं याच तेलावर वाढली होती. पण ती पुऱ्या दिवसांची होती. ही माझ्यासारखी होती.

दिवे लागायच्या वेळी बाळाला झटके आले. जीपमध्ये घालून अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते हेच, की अंगाला काय लावलं? कापूर अशा बाळाला विषच, म्हणाले.

बाळ वाचलं. लिलाबाई कामावर परतली, तिनं मॅडमना सगळं सांगितलं.  मॅडम तशाच उठल्या. मी तर सुकले होते. माझ्या जोडीनं केलेली दुसरी कातडी त्यांनी काढली, वाट्यांमध्ये बसवली, वर कापराचं तेल ओतलं, खाली कोमट पाणी. दुपार कलल्यावर खालची वाटी लिलाबाईच्या हातात दिली.

लिलाबाईनं ती नाकाजवळ नेली. पाण्याला कापराचा वास होता.

वाटी तिनं टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "म्याडम, तुमी त म्हनल्या होत्या, माह्या कामाचं नाही."



मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. जपलं, म्हणून तर काचेआड राहिले. तुम्हाला काही ठाऊक असेल, तर काच पुसणारीला ते आधी सांगा, पाहुणे थांबतील.

नात आता घरभर रांगते. लिलाबाई तिच्यासाठी खिमट करते, लंगोट धुते, दारातून तिला हाक मारते. पण उचलून घ्यायची वेळ आली, की हात पदराला पुसत लेकीला म्हणते, "तूच घे, माय."

माझी काच मात्र ती अजून रोज पुसते.